मनाचा वैद्य निवडताना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आज आम्ही जो विषय आपणांपुढे मांडीत आहोत, तो आपल्या पुष्कळ घरांत आहे; परंतु पाहुण्यांदेखत त्याचे नाव कोणी काढीत नाही. मुलाला मधुमेह झाला तर आपण चार जणांपाशी डॉक्टरांचा पत्ता विचारतो. त्याच मुलाची झोप उडाली, तो माणसांत येईनासा झाला, की आपणांस प्रथम आठवते ती त्याच्या बहिणीची सोयरीक! मग जो कोणी सापडेल त्याच्याकडे गुपचूप जावयाचे, आणि दोन भेटींत जमले नाही की ‘या शास्त्रात काही अर्थ नाही’ असा निकाल देऊन मोकळे व्हावयाचे, असा प्रघात पडला आहे. निकाल एका माणसाचा असतो. शिक्षा साऱ्या शास्त्राला आणि त्याहून अधिक त्या मुलाला होते.

या क्षेत्रातली माणसे एकाच शाळेत शिकलेली नसतात. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर. औषधयोजना त्यांनीच करावयाची. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ते औषध देत नाहीत, संभाषणातून व चाचण्यांतून काम करतात. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र उत्तम शिक्षणही असू शकते आणि चार आठवड्यांचा वर्गही. तेव्हा शिक्षण काय, अनुभव किती, हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

शिक्षण सारखे असले तरी रीत निराळी असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील १९६५ सालच्या एका बोधपटात आहे. ग्लोरिया नावाची एक घटस्फोटित तरुणी कॅमेऱ्यासमोर तीन नामांकित मानसोपचारकांशी आळीपाळीने बोलली. आपल्या आयुष्याविषयी लहान मुलीशी आपण खोटे बोललो, याची तिला टोचणी होती. कार्ल रॉजर्स यांनी तिला उत्तर दिलेच नाही. ते शांतपणे ऐकत राहिले, तिच्याच भावना तिच्यापुढे ठेवीत गेले. फ्रिट्झ पर्ल्स यांनी तिच्या शब्दांपेक्षा तिच्या हसण्याकडे व हातवाऱ्यांकडे लक्ष दिले; भीती वाटते म्हणताना हसता कशा, असे हटकले, ढोंगी म्हणण्यापर्यंत मजल मारली, आणि ती संतापली. अल्बर्ट एलिस यांनी तिच्या विचारांतील चुकीची गृहीतके दाखविण्याचा सपाटा लावला. बोलले अधिक तेच. (हीच एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत पुढे कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजविली, हे आपणांपैकी काहींस ठाऊक असेल.)

या कथेचा उत्तरार्ध आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. बोधपटाच्या शेवटी ग्लोरियाने कौल दिला तो पर्ल्स यांच्या बाजूने. परंतु पुढे अनेक वर्षे पत्रव्यवहार ठेवला तो रॉजर्स यांच्याशी, आणि पर्ल्स यांच्याविषयी तिच्या मनात राग राहिला. पहिल्या भेटीचा ठसा आणि टिकाऊ उपयोग यांत असे अंतर पडू शकते. पर्ल्स यांची रीत कोणालाच मानवत नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे.

मग पारख कशी करावी? एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली तीन गोष्टी सांगितल्या: उपचारक व रुग्ण यांचे ध्येय एक असावे, ते गाठण्याच्या कामाबद्दल एकमत असावे, आणि दोघांत विश्वासाचे नाते असावे. आपल्या घरांत पहिलीच अट बहुधा मोडते. ‘मुलगा लग्नाला तयार झाला पाहिजे’ हे ध्येय वडील सांगतात, फी वडील देतात, आणि मुलाचे ध्येय काय हे कोणी विचारीत नाही. प्रौढ मुलाला वैद्य त्याचा त्यालाच निवडू द्यावा. तीन-चार भेटींनंतरही मन मोकळे होत नसेल, तर तसे तोंडावर सांगावे. चांगला उपचारक रागावत नाही. तो रीत बदलतो, नाही तर दुसऱ्याचे नाव सुचवितो. मनोविकारतज्ज्ञांनी दिलेले औषध मात्र त्यांना विचारल्यावाचून बंद करू नये.

आता मंडळापुढील सूचनेविषयी. कार्यालयात समुपदेशन-कक्ष उघडावा आणि तेथे ज्ञातीतीलच तज्ज्ञ बसवावेत, असे सुचविण्यात आले आहे. हेतूविषयी आमच्या मनात आदर आहे. आपली भाषा, आपले कुळाचार जाणणाऱ्यापाशी काही जणांचे मन लवकर मोकळे होईल, हेही खरे. परंतु हा कक्ष वधूवर सूचक केंद्राच्या भिंतीला लागून होणार! तेथे कोणाची सून शिरली हे दुपारपर्यंत गावभर होईल. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आपल्या ओसरीवरील बाकाला तो कायदा ठाऊक नाही. शिवाय सासूच्या माहेरच्या नात्यातल्या तज्ज्ञापुढे सुनेने सासूविषयी काय बोलावे?

म्हणून आमची विनंती अशी, की कक्षाऐवजी मंडळाने एक यादी छापावी. तीत ज्ञातीबाहेरचे तज्ज्ञही असावेत, स्त्रिया असाव्यात, प्रत्येकाचे शिक्षण, रीत, भाषा व फी नमूद असावी, आणि शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही असावा. ही यादी घरोघर जावी, म्हणजे ती मागण्यासाठी कोणास कार्यालयात यावे लागणार नाही; आणि तिचा उपयोग कोणी केला, याची नोंद कोठेही ठेवू नये.