पैसे आले की गेले?

मी बारावीत असताना अम्मीने मोबाइल पुढे केला. "पैसे आले की गेले रे?" मेसेजात 'हॅज बीन डेबिटेड' होतं. व्याकरणात मार्क चांगले, तरी मी गप्प!

डेबिट म्हणजे खात्यातून गेले, क्रेडिट म्हणजे जमा झाले. 'हॅज बीन' म्हणजे कापून झाले. 'विल बी' असतं तर अजून कापायचे होते, थांबवायला वाव होता. पॅसिव्ह व्हॉइस मला तिथे कळला, गाइडमध्ये नाही.

तेव्हापासून वीजबिल, औषधाचं खोकं, जे हातात येईल ते वाचतो. अडलेला शब्द वहीत उतरवतो. सुटा नाही, अख्ख्या वाक्यासकट. (सुटे शब्द आठवड्यात विसरतात.)

आज घरी खोक्यावर 'कीप'ने सुरू होणारं वाक्य शोधा. त्यात कर्ता दिसत नाही. कोण असेल?