देहातील हमाल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



विज्ञानाचा आणि आमचा संबंध शाळेबरोबरच संपला. आम्ही बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या कचेरीतील फायलींत रमलो. अशा माणसाने पेशीच्या अंतरंगाविषयी बोलावे हा अधिकाराचा अतिक्रमच होय. परंतु या विषयाकडे आम्हांला कुतूहलाने नव्हे, काळजीने नेले.

आमच्या धाकट्या बहिणीला रक्ताचा कर्करोग झाला. तिला दिलेल्या औषधांत व्हिन्क्रिस्टीन हे एक होते. ते सदाफुलीपासून काढतात हे ऐकून आम्ही थक्क झालो. तिच्याच अंगणात सदाफुली बारमाही फुललेली असे. रोग हटला, पण पायांचे तळवे बधिर झाले. चप्पल निसटली तरी तिला कळत नसे. रक्ताच्या औषधाने पायांची संवेदना का जावी, हा प्रश्न आमची पाठ सोडीना.

उत्तर सापडले ते पेशीच्या सांगाड्यात. पेशी म्हणजे रसाने भरलेली नुसती पिशवी नव्हे. तिच्यात प्रथिनांच्या तंतूंची चौकट असते. ॲक्टिनचे तंतू सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे, तर सूक्ष्मनलिका २५ नॅनोमीटर व्यासाच्या. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या नलिका पेशीला आकार देतात आणि तिच्यातील रस्तेही होतात. त्यांवरून मोटर प्रथिने ओझी वाहतात. १९६५ साली नाव मिळालेले डायनीन सामान्यतः पेशीच्या मध्याकडे येते. १९८५ साली सापडलेले कायनेसिन बाहेरच्या दिशेने जाते. कायनेसिनचे पाऊल ८ नॅनोमीटरचे, आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू इंधन म्हणून खर्ची पडतो. कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचा मज्जातंतू सुमारे एक मीटर लांब. त्याच्या टोकाला लागणारा बहुतेक शिधा मणक्याजवळ तयार होतो आणि दिवसाला फार तर ४०० मिलिमीटर या वेगाने खाली पोहोचतो.

व्हिन्क्रिस्टीन या नलिकांची बांधणीच रोखते. त्यामुळे कर्करोगाच्या पेशींचे विभाजन थांबते. पण मज्जातंतूंतील रस्तेही बिघडतात, आणि सर्वांत लांबचे गाव आधी उपाशी पडते. तारणारी आणि पीडणारी क्रिया एकच!

या हमालांचा अभ्यास आपल्या देशातही झाला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली याच बेंगळुरूत जन्मली आणि त्याच वर्षी मुंबईस गेली. पुढे तिचेच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथे उभे राहिले. माहेर-सासरचे नाते ते हेच. मुंबईच्या त्या संस्थेत डॉ. रूप मलिक यांनी लेसर प्रकाशाच्या चिमट्याने ही प्रथिने ओढून पाहिली. ओझे वाढले की डायनीन पाऊल आखूड करते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत असताना २००४ साली दाखविले होते. कृष्णराजेंद्र मार्केटातील हमालही पोते जड झाले की असेच चालतात. २०१३ साली मुंबईत आणखी एक गोष्ट दिसली. कायनेसिन एकटे बलवान. पण समूहात त्याचे बळ तितके एकवटत नाही. डायनीन एकटे दुबळे. मात्र त्याचे गडी ओझे वाटून घेतात आणि भारी ठरतात. २०१८ साली मलिकांना जीवशास्त्राचे इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

पन्नास वर्षांच्या मंडळापुढे याहून अधिक काय सांगावे? कायनेसिन होण्याचा मोह आपणां सर्वांनाच असतो. परंतु सतरंज्या घालणारे, वर्गणीसाठी जिने चढणारे, गणपतीची मूर्ती खांद्यावरून आणणारे डायनीनच हे मंडळ इथवर घेऊन आले. त्यांना आमचा नमस्कार.

मज्जातंतू सावकाश सावरतात. आमची बहीण आज पहिल्या रांगेत बसली आहे. दाराशी चप्पल काढताना फरशी गार लागली, असे ती मघाशी म्हणाली. एरवी ही किती क्षुल्लक गोष्ट! आम्हांला मात्र ती ऐकून भरून आले.