नाक, मान आणि परतीचं तिकीट

(मंडळाच्या निधी-संकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे, फक्त थोडा आटोपशीर केला आहे.)



गाण्याचा कार्यक्रम आणि जेवण यांच्या मध्ये एखाद्या डॉक्टरला बोलायला उभं करायचं, म्हणजे कार्यकारिणीचं धाडस म्हटलं पाहिजे. तिकडून बटाटेवड्याचा वास यायला लागलाय, आणि माझा धंदा नाकाचाच, तेव्हा मला तो तुमच्याआधी आला. मी फार वेळ घेणार नाही.

आधी एक खुलासा. मध्यंतरात मला निदान सहा जणांनी सांगितलं, "डॉक्टर, मला सायनस आहे." मंडळी, सायनस सगळ्यांनाच असतात. गालाच्या हाडात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि त्यांच्या मागे ज्या हवेच्या पोकळ्या असतात त्यांनाच सायनस म्हणतात. ते सुजले की त्रास होतो. आता या पोकळ्यांच्या वर काय आहे? मेंदू. नाकाचं छत आणि मेंदूची जमीन एकच. मधलं हाड काही ठिकाणी अंड्याच्या टरफलापेक्षाही पातळ असतं. या जमिनीला आम्ही कवटीचा तळ म्हणतो. सायनस, कवटीचा तळ, आणि त्याखाली तोंड, घसा, मान, एवढा आमचा मुलूख. वीतभर जागा आहे, पण माणूस बघतो, बोलतो, गिळतो, श्वास घेतो आणि ओळखला जातो तो सगळा इथूनच.

या मुलखात संशोधन कसं होतं, ते मला आज सांगायचंय. कारण संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महागडं यंत्र येतं, आणि आजच्या निधीचं काय करायचं या चर्चेतही ते यंत्र आलेलंच आहे.

पहिली गोष्ट ऑस्ट्रियातल्या ग्रात्स गावची. तिथे प्रोफेसर मेसरक्लिंगर नावाचे गृहस्थ वर्षानुवर्षं एकच गोष्ट बघत बसले होते: सायनसमधला शेंबूड कुठल्या वाटेने बाहेर जातो. हसू नका! आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात, ते लाटेसारखे हलतात आणि चिकट द्रव पुढे ढकलतात. मेसरक्लिंगरना दिसलं की ही वाट ठरलेली असते. द्रव जातो तो निसर्गाने ठेवलेल्या तोंडाकडेच. तुम्ही खाली दुसरं मोठं भोक पाडलंत तरी तो त्या भोकाला वळसा घालून आपल्या जुन्या दाराशीच जातो. त्या काळी सर्जन लोक गालाच्या सायनसला खालच्या बाजूने भोक पाडून अस्तर खरवडून काढत. म्हणजे गटाराचं तोंड एकीकडे तुंबलेलं आणि आम्ही भिंत फोडतोय दुसरीकडे. मग हॅरॉल्ड हॉपकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाच्या भिंगांची दुर्बीण आली. जाडी ४ मिलिमीटर. ती नाकात घालून खरं दार बघता आलं आणि तेवढंच मोकळं करता आलं. मेसरक्लिंगरांचे शिष्य श्टामबर्गर आणि इथे जॉन्स हॉपकिन्समधले डॉ. डेव्हिड केनेडी यांनी १९८५च्या सुमारास ही पद्धत अमेरिकेत रुजवली. दुर्बीण महत्त्वाची खरीच. पण ती कुठे रोखायची, हे शेंबडाच्या अभ्यासातनं कळलं.

दुसरी गोष्ट आपल्या पुण्याची आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा बैल हाकणारा होता. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवीन नाक करून दिलं. तो माणूस वैद्य नव्हे, विटा पाडणाऱ्या जातीतला. आपल्याकडे 'कुंभार' म्हणून सांगतात तो हाच. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, ते कपाळावर पसरून रेघ मारली, आणि तेवढी कातडी सोडवली. पण पूर्ण कापली नाही! दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त चालू राहिलं. मग कातडी फिरवून खाली आणली आणि नाकाच्या जागी बसवली. वरनं कापडाच्या पट्ट्यांना काय लावलं, तर काथ. पानात घालतो तोच काथ. पंचवीसेक दिवसांनी जोडपट्टी कापली. कंपनीच्या दोन सर्जनांनी हे सगळं समोर बसून पाहिलं. ते पत्र वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपात ती पसरली. रुग्णाचं नाव छापलं गेलं, कारागिराचं नाव लिहून घ्यावंसं कुणालाच वाटलं नाही. असो.

आता दोनशे वर्षं पुढे या. १९९०च्या दशकापासून आम्ही नाकातूनच कवटीच्या तळावरच्या गाठी काढायला लागलो. कपाळ उघडायचं नाही, मेंदू बाजूला सारायचा नाही. पिट्सबर्गच्या मंडळींनी यात फार मोठं काम केलं. पण गाठ काढल्यावर नाक आणि मेंदू यांच्यामध्ये खिडकी उरते. तिथून मेंदूभोवतीचं पाणी नाकात झिरपतं, आणि नाकातले जंतू वर जाऊन मेंदूज्वर होऊ शकतो. मांडीची चरबी, पडदा, काय काय आणून चिकटवायचे. तरी मोठी खिडकी असली तर पाचात एकाला, कधी त्याहून जास्तांना गळती व्हायचीच. उत्तर आलं अर्जेंटिनाच्या रोझारिओ गावातून. हदाद आणि बासागास्तेगी या दोघांनी नाकाच्या मधल्या पडद्यावरचं अस्तर सोडवलं, मागच्या बाजूला एका बारीक रोहिणीवर जोडलेलं ठेवलं, आणि फिरवून खिडकीवर बसवलं. २००६ साली पिट्सबर्गच्या सर्जनांबरोबर त्यांनी ते प्रसिद्ध केलं. गळतीचं प्रमाण शंभरात पाच-दहापर्यंत खाली आलं. पुण्याच्या त्या माणसाने कपाळावर जे केलं, तेच हे नाकाच्या आत केलेलं. जिवंत कातडीचा तुकडा हवा असेल तर त्याचं मूळ तोडू नका, एवढं साधं तत्त्व.

आता तिसरी गोष्ट. मी उभा राहिलोय तो खरं म्हणजे हिच्यासाठी.

तोंडाचा कर्करोग आपल्या मुलखाला नवा नाही. मिश्री लावणारी आजी, तळहातावर चुना मळणारे मामा, गुटख्याच्या पुड्या, हे सगळं आपण पाहिलेलं आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी तो मिळत राहिला हेही तुम्हाला माहीत आहे. समजा, एखाद्याच्या जिभेच्या कडेला लहान गाठ आहे आणि मानेत हाताला काहीच लागत नाही. सर्जन जिभेची गाठ काढतो. मानेचं काय करायचं? अशा शंभरातल्या वीस-तीस जणांच्या मानेतल्या ग्रंथींत रोग सूक्ष्म रूपात आधीच पोचलेला असतो, पण दिसत नाही. सगळ्यांच्या ग्रंथी काढल्या तर सत्तर-ऐंशी जणांना विनाकारण मोठी शस्त्रक्रिया, वर खांदा कमजोर होण्याचा धोका. थांबायचं म्हटलं तर ज्यांच्यात रोग आहे त्यांचं काय? निम्मे सर्जन म्हणायचे काढा, निम्मे म्हणायचे लक्ष ठेवा. दशकानुदशकं हा वाद चालला. जे अभ्यास झाले ते इतके लहान होते, की ज्याला जे हवं ते त्यातून काढता येई.

हा प्रश्न सुटला परळला. टाटा मेमोरिअलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं रुग्ण नोंदवले. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी जिभेबरोबरच काढायच्या, दुसऱ्याच्या थांबून, रोग दिसला तरच. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के लोक हयात होते, दुसऱ्या गटातले साडेसदुसष्ट टक्के. फरक इतका स्पष्ट होता की देखरेख समितीच्या सल्ल्याने नवी नोंदणी थांबवली. आधीच मान साफ केलेल्या दर आठ रुग्णांमागे एक मृत्यू टळत होता. २०१५ साली हे शिकागोला, कर्करोगतज्ज्ञांच्या सर्वांत मोठ्या सभेच्या मुख्य व्यासपीठावर मांडलं गेलं आणि 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये छापलं गेलं. आज अमेरिकेतल्या सर्जनला असा रुग्ण भेटला, तर निर्णय घेताना त्याच्यासमोर परळचे हे आकडे असतात.

हे अमेरिकेत का नाही झालं? एक कारण असं की लवकरच्या टप्प्यातले एवढे रुग्ण एका इस्पितळात इथे जमतच नाहीत. परळला जमतात. यात भूषण मानण्यासारखं काही नाही.

पण मंडळी, या अभ्यासात यंत्र कुठलं होतं? चाकू तोच, टाके तेच. गळ्याला हात लावून बघायचं, त्यातल्या निम्म्यांना सोबत सोनोग्राफी. खरं अवघड काम होतं माणसं परत आणण्याचं. पहिले सहा महिने दर चार आठवड्यांनी, मग हळूहळू अंतर वाढवत, पुढची कित्येक वर्षं. यवतमाळ किंवा बीडहून मुंबईला यायचं म्हणजे रुग्णाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याची बुडते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर टाटासमोरचा फूटपाथ. तुमच्यापैकी बरेच जण तिथून गेले असाल. दिसायला जखम भरलेली, दुखत काही नाही, मग जायचं कशाला? आणि नेमका त्याच पहिल्या दोन वर्षांत रोग मानेत उलटतो. अभ्यासातल्या थांबलेल्या गटात रोग उलटला तेव्हा तो बहुधा बऱ्याच पुढच्या टप्प्यात गेलेला होता. आणि हे लोक तर ठरलेल्या दिवशी तपासणीला येणारे होते! जो घरीच बसतो त्याचं काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणून मी कार्यकारिणीपुढे आग्रह धरला. यंदाचा निधी तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी द्यायचा, हे तर ठरलंच होतं. एक सूचना होती की एण्डोस्कोप आणि कॅमेरा घेऊन द्यावा, त्यावर मंडळाचं नाव घालावं, फोटो येईल. सूचना करणाऱ्यांच्या मनात चांगलंच आहे. पण दुर्बिणीचं भिंग तडकलं की दुरुस्तीला कोण पैसे देणार? पुष्कळ ठिकाणी अशी यंत्रं प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकून ठेवलेली असतात, पाटी मात्र लख्ख. माझं म्हणणं असं की मोठा हिस्सा परतीच्या तिकिटांना द्यावा. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला दोन वर्षं तपासणीसाठी जाण्यायेण्याचं भाडं, मुक्काम, आणि तारीख चुकली तर फोन करून "काका, का नाही आलात?" असं मराठीत विचारणारं एक माणूस. याचा फोटो निघत नाही, मला मान्य आहे.

उरलेला हिस्सा बॅटरी आणि आरसा घेऊन तोंड तपासणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला. हीसुद्धा माझी कल्पना नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांकडून लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासून घेतली, आणि २००५ साली निष्कर्ष छापून आले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. बॅटरीच्या उजेडात!

याच्यासाठी तुम्हाला निधीचीही वाट बघायला नको. रविवारी गावी फोन कराल तेव्हा तंबाखू-मिश्रीवाल्या प्रत्येकाला चार गोष्टी विचारा. तोंडात तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? पांढरा किंवा लाल चट्टा? तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावत नाहीत, असं आहे का? मानेत गाठ? एकाला जरी 'हो' आलं, तरी दाताच्या किंवा घशाच्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यात. "हवापालटानं जाईल" चालणार नाही.

आणि इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक. अमेरिकेत घशाच्या मागच्या भागातला, तंबाखूशी संबंध नसलेला कर्करोग वाढला आहे, तो एचपीव्ही विषाणूमुळे. त्याची लस अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना देतात. मुलग्यांनाही. ती फक्त मुलींची लस आहे असं समजून पुष्कळ आईबाप गप्प बसतात. बालरोगतज्ज्ञाला विचारा.

फॉर्म बाहेर चहाच्या टेबलाशेजारी आहेत. त्यात दोन चौकोन आहेत: 'प्रवास व तपासणी' आणि 'उपकरणे'. कार्यकारिणीने दोन्ही ठेवले आहेत, लोकशाही आहे. मी कुठे खूण केली ते तुम्हाला कळलंच असेल. वर्षअखेरीला किती रुग्ण दोन्ही वर्षं सगळ्या तारखांना आले आणि किती मध्येच सुटले, हे दोन आकडे मंडळाच्या अहवालात छापायचे असं आम्ही ठरवलंय. सुटलेल्यांचा आकडासुद्धा.

आता वडे गार होतील.