सरांना कसं विचारायचं?



आज एका परीक्षेविषयी बोलतो : सिच्युएशनल जजमेंट टेस्ट, म्हणजे एसजेटी. २०१३ पासून अनेक वर्षं इथे ब्रिटनमध्ये वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पहिली नोकरी कुठे मिळणार, हे १०० गुणांवर ठरत असे आणि त्यांतले ५० एसजेटीचे असत. २०२४ पासून संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखा क्रमांक देतो. तरी परीक्षा संपलेली नाही. जीपी (फॅमिली डॉक्टर) किंवा मानसोपचाराच्या ट्रेनिंगसाठी एमएसआरए ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिच्यातही एसजेटीसारखेच प्रसंगांवरचे प्रश्न असतात.

एक प्रसंग घ्या. रात्रीचे नऊ वाजले, तुमची पाळी संपली. बदली डॉक्टर आलेला नाही. एका आजोबांच्या पोटॅशियमचा रिपोर्ट यायचा आहे. निघून जायचं? फाइलमध्ये चिठ्ठी ठेवायची? नर्सला सांगून निघायचं? रजिस्ट्रारना, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरांना, फोन करायचा? की बदली येईपर्यंत थांबायचं? पर्याय क्रमाने लावायचे असतात. एखादी पायरी चुकली तरी सगळे गुण जात नाहीत. इथे शिकायला आलेले आपले विद्यार्थी यातच अडतात, कारण ते 'मी काय करेन' याचं उत्तर देतात. प्रश्न असतो 'काय करायला हवं'. आजोबांची जबाबदारी कुणातरी डॉक्टरने तोंडी स्वीकारेपर्यंत ती तुमचीच आहे. एवढं पक्कं धरलं की क्रम लागू लागतो. चिठ्ठी रिपोर्ट वाचत नाही.

पण खरी अडचण वेगळी आहे, आणि ती आपल्या घडणीतली आहे. मी इथे नवा होतो तेव्हाची रात्र सांगतो. रुग्णाच्या मनगटावर पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा लाल पट्टा होता. ड्रग चार्टवर वरिष्ठांच्या अक्षरात को-अमॉक्सिक्लॅव, म्हणजे पेनिसिलिनच, लिहिलेलं. मी पाहिलं. आणि गप्प राहिलो. सरांनी लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल, सरांना कसं विचारायचं? नर्सने तो डोस थांबवला. त्या वरिष्ठांनी तिचे आभार मानले, चार्ट दुरुस्त केला, दोन मिनिटांत विषय मिटला. मला मात्र ती दोन मिनिटं अजून आठवतात.

या परीक्षेत सर्वांत जास्त गुण याच शांततेमुळे जातात, असं माझं ठाम मत आहे. आदर आणि गप्प बसणं यांची आपण लहानपणापासून गल्लत करतो. जनरल मेडिकल कौन्सिलचं 'गुड मेडिकल प्रॅक्टिस' हे डॉक्टरांसाठीचं मार्गदर्शन जरूर वाचा. जानेवारी २०२४ पासून त्याची नवी आवृत्ती लागू आहे. रुग्णाच्या सुरक्षिततेला धोका दिसला तर बोलणं हे त्यात डॉक्टरचं कर्तव्य मानलं आहे. सराव प्रश्न सोडवा, पण उत्तर पाठ करू नका, त्यामागचं कारण वाचा. आणि वॉर्डमध्ये फार्मासिस्टबरोबर एक सकाळ काढा. किती चुका रोज शांतपणे पकडल्या जातात ते दिसेल.

शिक्षक मित्रांना माझी एकच विनंती आहे. उद्याच्या राउंडला सर्वांत कनिष्ठ विद्यार्थ्याला आधी विचारा, "यात तुला काही खटकतंय का?" आणि तो बोलेपर्यंत थांबा.