पोहण्याच्या टीममध्ये नाव घालण्याआधी
(गणेशोत्सवातील पालकांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

समोर आजी-आजोबा बसले आहेत, आईबाबा आहेत, आणि ज्यांच्याविषयी बोलायचं ती पोरं मागे प्रसादाची वाट बघताहेत. आम्हां दोघांना बोलायला उभं केलं, कारण आमची थोरली सात वर्षं पोहण्याच्या टीममध्ये आहे. पदक म्हणाल तर रिलेचं एक कांस्य, तेही चौघींत मिळून. तेव्हा चॅम्पियन घडवायचा मंत्र आमच्याकडे नाही. चुका मात्र भरपूर केल्या, त्या सांगतो.

आपल्यातले कितीतरी ज्येष्ठ विहिरीत पोहायला शिकले. पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधायचा आणि काकाने वरून ढकलून द्यायचं. आठ दिवसांत पोरगं तरंगलं की शिक्षण संपलं. आता तेच काम तरण पुष्करवरचं उन्हाळी शिबिर करतं. पोहता येणं एवढंच हवं असेल तर तेवढं पुरे आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही. टीम ही वेगळी गोष्ट. शिबिराच्या शेवटी कोच म्हणतात, ‘‘हिचा हात चांगला आहे, टीममध्ये घाला.’’ आणि आपली छाती फुगते. आमचीही फुगली होती.

त्या दिवशी कोणी सांगितलं नाही की नाव मुलीचं लागतं, पण भरती अख्ख्या घराची होते. आठवड्याचे सहा दिवस पहाटे पाचला उठणं. साडेपाचला पाण्यात, साडेसातला बाहेर, ओल्या केसांनी शाळा. मोठ्या गटात गेल्यावर संध्याकाळीही सराव. लग्नकार्य, सत्यनारायण, मामाकडची सुट्टी, सगळं स्पर्धांच्या तारखा बघून ठरतं. धाकटा एकदा म्हणाला, ‘‘मी पण पोहतो ना, मग तुम्ही माझ्याकडे पण बघाल.’’ तो पोहत नाही, तबला वाजवतो. ते वाक्य अजून टोचतं. म्हणून पहिलं सांगणं हे, की फॉर्म भरण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, आजीलासुद्धा. पहाटेचं दूध आणि डबा शेवटी तिच्यावरच येतो.

आपल्या इंदूरचाच अद्वैत पागे 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पोहला आणि 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 1500 मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत सातवा आला. पन्नास मीटरच्या तलावात 1500 मीटर म्हणजे तीस लांब्या, आणि त्या त्याने साधारण साडेपंधरा मिनिटांत संपवल्या. आम्ही घरी हिशेब केला, आपल्या चालण्याच्या वेगाहून तो बराच जास्त निघाला! अभिमान वाटतोच. पण दुसरं नावही लक्षात ठेवा. कोल्हापूरचा वीरधवल खाडे. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य त्याने आणलं. 1986 च्या खजान सिंगनंतर पोहण्यात भारताला मिळालेलं ते पहिलं आशियाई पदक. पुढे तो तहसीलदार झाला. 2018 मध्ये पुन्हा उतरला आणि 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये चौथा आला. कांस्य हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागाने. इतक्या वर्षांची मेहनत आणि एवढंसं अंतर. पदकाच्या भरवशावर मूल पाण्यात घालणाऱ्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

आता आमची मोठी चूक. आम्ही स्टॉपवॉच घेतलं. कोचकडे ते असतंच, पण आम्हाला आमचं हवं होतं. गॅलरीत बसून प्रत्येक लांबीची वेळ वहीत, घरी येताना स्कूटरवर त्याचीच चर्चा. बारा वर्षांची असताना तिची वेळ पाच महिने जागची हलेना. आम्ही कोचना जादा सराव मागितला, त्यांनी दिला. मग एके दिवशी तिला वेणी घालता येईना. हात वर जात नव्हता. दोन महिन्यांपासून खांदा दुखत होता, आणि तिने सांगितलं नव्हतं. का, असं विचारल्यावर म्हणाली, ‘‘तुमची वही थांबली असती.’’

डॉक्टरांनी सहा आठवडे पाणी बंद केलं, व्यायाम दिले. खांदा बरा झाला. पोहणाऱ्यांमध्ये खांद्याचं दुखणं नेहमीचं आहे. एका सरावात हात शेकडो वेळा डोक्यावरून फिरतो, आणि वाढीच्या वयात अंतर एकदम वाढवलं की तिथेच भार येतो. दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला कोच पाण्याबाहेर काढतात, की ‘‘नाटक करू नकोस’’ म्हणतात, हे टीम निवडताना बघा. त्याच्याही आधी, मूल आपल्याला सांगतं का ते बघा. वही आम्ही रद्दीत दिली.

तलाव निवडताना काय बघावं, हे आमच्या नोकरीमुळे थोडं कळतं, कारण पाण्याच्याच खात्यात आहोत. पन्नास बाय पंचवीसचा, सरासरी दोन मीटर खोल तलाव म्हणजे पंचवीस लाख लिटर पाणी. ते रोज बदलता येत नाही, गाळून आणि क्लोरिन घालून वापरावं लागतं. क्लोरिन आणि पीएच यांची रोजची नोंद मागा. पीएच 7.2 ते 7.8 मध्ये हवा. तलावाचा तळ आणि त्यावरची काळी रेघ वरून स्वच्छ दिसलीच पाहिजे, कारण बुडालेलं मूल दिसण्याचाही तोच एक उपाय. आणि डोळे झोंबणारा तो उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरिन, असं नाही. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग झाला की तो वास येतो. म्हणून उतरण्याआधी साबणाने अंघोळ. आज्यांनो, रागवू नका, पण सरावाआधी डोक्याला तेल नको. कोच शिकवत असताना काठावर जीवरक्षक वेगळा हवा. हिवाळ्यात उघड्या तलावाचं पाणी अंगाला सोसत नाही, तेव्हा ते महिने सराव कुठे, हेही आधी विचारा.

मुलींबद्दल स्पष्ट बोलतो. बारा-तेराव्या वर्षी मुली टीममधून गळतात. पाळी सुरू होते, कुणी मावशी पोशाखावर बोलते, रंग काळवंडला म्हणते. आमच्याकडेही बोलणं झालं. हिच्या आईने एकदाच ठणकावून सांगितलं, त्या दिवसांत उतरायचं की नाही हे लेक ठरवेल आणि पोशाख खेळाचा आहे. कपडे बदलायची जागा बंदिस्त आहे का, बाहेरगावी टीमबरोबर बाई येतात का, कोच मुलांशी एकेकटे मेसेज करतात का, हे विचारायला लाजू नका. हे मुलांच्या बाबतीतही तितकंच. चांगल्या कोचना अशा प्रश्नांचा राग येत नाही.

स्पर्धेत तुम्ही फक्त टाळ्या वाजवायच्या. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकदम लागावे लागतात. हिचा एकदा एक हात आधी लागला आणि ती बाद झाली. आम्ही पंचांशी भांडायला खाली उतरलो. ती रडली ती आमच्यामुळे. जन्मदाखला मात्र अस्सल आणि हाताशी ठेवा. गट वयावरून ठरतात, आणि ‘एक वर्ष कमी करून आणतो’ म्हणणारे भेटतात. त्यांना चहाही पाजू नका.

आणखी एक, कारण परवा अनंत चतुर्दशी आहे. तलावात पोहणारं मूल नर्मदेत सुरक्षित आहे असं समजू नका. तिथे तळ दिसत नाही, धरायला भिंत नाही आणि ओढ असते. पातालपाणी, चोरल, ओंकारेश्वर, कुठेही ‘‘आमचा टीममध्ये आहे’’ म्हणून त्याला पुढे करू नका. विसर्जनाला तर नाहीच.

थोरली यंदा दहावीत आहे. पहाटेचा सराव सुरू ठेवायचा की वर्षभर थांबायचं, हे अजून ठरलेलं नाही. ठरवणार ती आहे, आम्ही गप्प बसायचा सराव करतो आहोत.

तिची जुनी पिशवी बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. गॉगल, फळी, पायाचे फिन्स, सगळं हाताळून बघा, किमती चिठ्ठीवर लिहिल्या आहेत. टोपी फार ताणू नका, फाटते.