पायाने ढकलायची स्कूटर जर्मनीत नक्की कुठे चालवायची?

आजचा विषय छोटासाच, पण जर्मनीत मुलं वाढवणाऱ्या आपल्या घरांमध्ये रोजचा. पायाने ढकलत चालवायची ती बिनमोटरची स्कूटर. इथे तिला नुसतं 'रोलर' म्हणतात.

मध्यंतरी मुलीला शाळेत सोडायला निघालो होतो. फुटपाथवर गर्दी, म्हणून तिला म्हटलं, "तू त्या लाल सायकल ट्रॅकवरून चल, मी बाजूने येतो." मागून एक सायकलवाले आजोबा घंटी वाजवत आले, करकचून ब्रेक दाबला आणि मला चांगलंच सुनावलं. मुलगी पडता पडता वाचली. मला रागच आला. घरी येऊन नियम वाचला, तर चूक माझीच!

इथल्या वाहतूक नियमावलीचं कलम 24 सांगतं, की बिनमोटरची स्कूटर हे 'वाहन' नाहीच. बाबागाडी, रोलर स्केट्स, बर्फावरची घसरगाडी यांच्याच रांगेत ती बसते. आणि तिला लागू होतात ते पायी चालणाऱ्यांचे नियम. मूल असो की मोठा माणूस, दोघांनाही.

आता यातून काय काय निघतं, बघा.

फुटपाथ असेल तर फुटपाथच. पादचारी आणि सायकल दोघांसाठी एकत्र असलेला रस्ता असेल, तर तिथेही चालतं. मधे रेघ आखून दोन भाग केले असतील, तर पादचाऱ्यांच्या भागातून जायचं. निव्वळ सायकल ट्रॅकवर मात्र नाही. फुटपाथच नसेल, तर रस्त्याच्या कडेने. गावाबाहेर शक्यतो डाव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. खेळणाऱ्या मुलाचं चित्र असलेली निळी पाटी दिसली, की त्या गल्लीत रस्ताभर फिरा. तिथे गाड्यांनीच चालीच्या वेगाने जायचं असतं.

गोंधळ होतो तो सायकलमुळे. आठ वर्षांखालच्या मुलांनी सायकल फुटपाथवरच चालवायची असते, पण रस्त्यापासून वेगळा बांधलेला सायकल ट्रॅक असेल तर तोही त्यांना चालतो. म्हणून आपल्याला वाटतं, स्कूटरलाही चालत असेल. नाही चालत.

आणि मोटर लागली की सगळंच उलटं. ई-स्कूटरचे नियम 15 जून 2019 पासून लागू आहेत: वय किमान 14, वेग ताशी 20 किलोमीटरपर्यंत, विम्याची चकती हवीच, आणि फुटपाथवर बंदी. त्यामुळे दहा वर्षांच्या भाच्याला वाढदिवसाला तशी स्कूटर घेणार असाल, तर थांबा. रस्त्यावर त्याला ती चालवताच येणार नाही.

एक राहिलंच. फुटपाथवर परवानगी आहे म्हणजे सुसाट जायची मुभा नाही. तिथे आजी-आजोबा असतात, आणि फाटकातून मागे येणाऱ्या गाडीच्या चालकाला एवढंसं पोर दिसत नाही. आमच्या घरी आता एकच नियम आहे: फाटक दिसलं की पाय खाली, आणि रस्ता ओलांडताना स्कूटर हातात. मुलगी तो पाळते. मीच कधी विसरलो, तर मला आठवण करून देते.

तुमच्या मुलांनाही आज एवढं सांगून ठेवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!