गालिच्याखालचा गंज

तंजावर म्हटले की मराठी श्रोत्याला सरफोजी राजे आठवतात, सरस्वती महालातील पोथ्या आठवतात, बृहदीश्वराच्या मंदिरात कोरलेला भोसल्यांचा इतिहास आठवतो. त्याच गावाबाहेरच्या रस्त्यांनी भाताच्या पोत्यांनी लादलेले ट्रक धावत असतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कावेरीच्या या सपाट मुलखात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्येकडून येतो. आणि कुरुवै भाताची कापणी बहुधा त्याच्याच तोंडाशी येऊन ठेपते. सरकारी खरेदी केंद्रावर धान्यातील ओलावा मोजून पाहतात. शेकडा 17 ही त्याची नेहमीची मर्यादा. चालकाच्या पायाखालचा ओलावा मात्र कोणीच मोजीत नाही.

लहान ट्रकच्या केबिनमध्ये गालिचा असतो आणि त्याखाली नमद्याचा थर. चिखलाने भरलेले पाय, दाराचे झिजलेले रबर, काचेच्या कडेची फट, इतक्या वाटांनी पाणी आत शिरते. वरून गालिचा दोन दिवसांत वाळतो. नमदा महिनोन् महिने ओला राहतो. खालचा पत्रा वरच्या अंगाने गंजत जातो, आणि गाडीखाली वाकून पाहणाऱ्याला रंग शाबूत दिसतो. एके दिवशी टाच पत्र्यात रुतते, तेव्हा उलगडा होतो.

यावर अलीकडे एक उपाय निघाला आहे. गालिचा काढून टाकावा आणि पत्र्यावर पॉलियुरेथेनचा लेप फवारावा. 1937 साली जर्मनीत ऑटो बायर याने या द्रव्याचा शोध लावला. दोन द्रव एकत्र आले की त्यांचा चिवट, रबरासारखा थर बनतो. त्याला शिवण नाही, खाली पाणी साचायला पोकळी नाही. नळीने धुतला तरी चालतो. भात वाहणाऱ्याला यापरते सोयीचे काय असणार?

परंतु लेप जितका घट्ट, तितका त्याचा दोषही घट्ट. गंजावर फवारलेला लेप गंजाला बंदिस्त करतो, नाहीसा करीत नाही. म्हणून खरे काम फवारणीच्या आधीचे. आसने काढायची, जुना डिंक खरवडायचा, गंज पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासायचा, भोके पडली असतील तेथे ठिगळ वेल्ड करायचे, मग पृष्ठभाग खरबरीत करून अस्तर लावायचे. बोल्टांची भोके आणि तारा चिकटपट्टीने झाकायच्या. हे सारे दोन दिवसांचे, फवारा तासाभराचा. आणि घाईचा मालक नेमका दोन दिवसांतच काटकसर करतो. वेल्डिंग आधीच उरकावे हे तर फारच महत्त्वाचे, कारण लेप चढल्यावर त्याजवळ ज्योत नेली तर तो जळून विषारी धूर सोडतो.

हवेचेही पथ्य आहे. यातील आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावले की कर्बद्विप्राणिद वायू सुटतो, आणि थरात बुडबुडे येतात. तेव्हा पावसाळ्यात हे काम काढू नये. मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे 28 जानेवारीस बंद होते आणि 12 जूनला सुटते. कालव्यांची डागडुजी याच दिवसांत होते. सांबा भाताची धावपळ ओसरल्यावर ट्रकच्या तळाचीही तेव्हाच करावी.

आणि फवारणाऱ्या माणसाचे काय? भोपाळमध्ये 1984 साली ज्या वायूने संहार केला, तो या कुळातलाच. हे द्रव्य त्याहून वेगळे, तितके उडून जाणारे नाही. तरी त्याचे तुषार श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोडक्या अंशानेही छाती भरून येते. तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारा मुलगा कोणत्याही गॅरेजात दिसेल. रुमाल येथे निरुपयोगी आहे. बाहेरची शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा, हातमोजे आणि मोकळी जागा हवी. ती द्यायची नसेल, तर तो गालिचा बरा.

गालिच्याचा एक गुण मात्र लेपाला येत नाही. इंजिनाची धग आणि आवाज तो अंगावर घेतो. म्हणून जाणते चालक लेपावर काथ्याची चटई मोकळीच टाकतात, आणि संध्याकाळी ती काढून बॉनेटवर वाळत घालतात.